लाकडी घोड्याचा कान

नवऱ्याला जुन्या लाकडी खेळण्यांचं वेड. खेळण्यावर पोरांच्या दातांच्या खुणा दिसल्या की स्वारी खूश. म्हणे, हाच अस्सलपणाचा पुरावा. मी दातांची डॉक्टर, त्यामुळे कपाट पुसताना नको ते दिसलं. हत्ती, बदक, आगगाडी, सगळ्यांवर चावा एकाच तोंडाचा. पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला. आणि दात दुधाचे नव्हते. “तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं,” नवरा चिडला. रविवारी त्याचा नेहमीचा दुकानदार घोडा घेऊन घरी आला. “याचा मालक चार वर्षांचा होता, साहेब. झोपतानासुद्धा कान चावायचा!” नवऱ्याचे डोळे पाणावले. मी चहा आणला, सोबत मुद्दाम सफरचंदाच्या जाड फोडी. बोलता बोलता दुकानदारानं एक चावली आणि उरलेली बशीत ठेवली. मी ती उचलून घोड्याच्या कानाशेजारी धरली. नवऱ्यानं चष्मा पुसून दोनदा पाहिलं. दुकानदारानं पहिल्यांदाच तोंड मिटलं.