नॉर्मल रक्त

नगरच्या एका दवाखान्यातल्या लॅबमध्ये कैनात रोज सकाळी पेशंटच्या रक्तासोबत स्वतःचंही थोडं रक्त मशीनला लावायची. ठणठणीत माणसाचा आकडा बरोबर आला, की मशीन ठीक.

सहादेव उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला होता. बेशुद्धच होता. मेंदूला जबर मार बसला की रक्तात एक प्रथिन वाढतं. त्याचं भलतंच वाढलं होतं.

मग ते उतरू लागलं. डॉक्टर खूश झाले.

कैनातचं मात्र चढू लागलं. तिनं किट बदललं, पुन्हा रक्त काढलं. तरी चढतच राहिलं. तिला काहीच होत नव्हतं. तिची अम्मी मुबारकबी रोज डबा द्यायची, तो ती चवीनं खात होती.

आज तिचा आकडा सहादेवच्या पहिल्या आकड्याइतका आला.

तेवढ्यात सहादेवची बायको गोजरबाई दारात आली.

"मालक शुद्धीवर आलं वो ताई! पर मला वळखत न्हाईत. भूक लागलीय, मुबारकबीला बोलवा म्हनत्यात. आमच्यात त्या नावाचं कुनीच न्हाई. तुमाला ठावं हाय का?"

कैनातनं बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मी हे नाव पहिल्यांदाच ऐकतेय."