लाल बटण

दोघा मुलांनी मिळून आईला फोन आणला. दुकानातला सगळ्यात स्वस्त, पण तोरा असा की जणू विमानच घेऊन दिलंय. थोरला सोफ्यावर पाय पसरून शिकवू लागला. "आई, बटणं मोठी आहेत, टॉर्च आहे, रेडिओ आहे, चार्जिंग आठवडाभर पुरतं. आणि अडचणीत मागचं हे लाल बटण दाबायचं. आधी मला फोन लागेल, मी नाही उचलला तर धाकट्याला. झेपेल ना तुला?"

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या शहराचे फोन जोडून दिले होते. ती एवढंच म्हणाली, "तिसरा नंबर खालच्या शिंप्याचा घाल."

"तो काय करणार? तुला टाके घालणार?" दोघं खो खो हसले, पण नंबर घातला.

चहा टाकते म्हणून ती आत गेली. तपासल्याशिवाय नवी लाइन तिने कधी कुणाच्या हवाली केली नव्हती. ओट्यापाशी उभं राहून तिने लाल बटण दाबलं.

बाहेर थोरल्याचा फोन वाजला. "आईचाच आहे. दाबलं असेल काहीतरी," म्हणत त्याने कट केला. मग धाकट्याचा वाजला. त्याने मॅचवरची नजरही न काढता अंगठ्यानेच तो बंद केला.

दोन मिनिटांत दार धडधडलं. गळ्यात टेप तसाच लटकत असलेला शिंपी धापा टाकत आत शिरला. "बाई, काय झालं?"



"काही नाही हो, लाइनी तपासत होते. तुमची तेवढी चालू आहे."