वागिमानकाकांचा शिक्का

"गरिबीचा दाखला? तुला?" वागिमानकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, तुझ्या नवऱ्याची, हेरूची, नवी कोरी मोटरसायकल दारात उभी असते. तुला दाखला दिला तर वरच्या ऑफिसात माझी फजिती होईल."

रोफिया उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिचं घर शेजारचंच, मधे एक भिंत. पण आज पाहुण्यासारखी आली होती, नीट कपडे करून, हिजाब गालावर जरा जास्तच पुढे ओढून. इथं सुराबाया शहरात गल्लीप्रमुखाचा शिक्का नसेल तर पुढचं कुठलंच ऑफिस दारात उभं करत नाही, आणि आमच्या गल्लीचे प्रमुख म्हणजे वागिमानकाका. माणूस वाईट नाही हो. कुणाच्या लग्नात पहिला, कुणाच्या मयताला पहिला. फक्त भांडणात शेवटचा.

"मोटरसायकल त्याची आहे," रोफिया म्हणाली. "माझ्याकडे काही नाही. वकीलबाईंनी सांगितलंय, फी सरकार भरतं, पण दाखला लागतो."

वकील म्हटल्याबरोबर काकांनी पेनाला टोपण लावलं.

"वकील कशाला आणि? घरातल्या गोष्टी घरात मिटवाव्यात पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बोलतो ना हेरूशी."

"मागे बोललात."

"मग?"

"त्या दिवशी जास्त मारलं."

काकांना नियम आठवला. अडचणीत सापडलेल्या माणसाला नियम बरोबर आठवतात.

"कुटुंबाचं कार्ड आणलंस? कार्डाशिवाय मला काही लिहिता येत नाही."

"कार्ड त्याच्या कपाटात आहे. किल्ली त्याच्या खिशात."

"मग माझाही नाइलाज आहे, बाई."

समोरच्या ओट्यावर बायका भाजी निवडत होत्या. मघापासून एक काडी निवडून झाली नव्हती. मी गरीब आहे असं लिहून द्या, म्हणून चारचौघींच्या देखत हात जोडायचे, या लाजेनं रोफियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी ती हलली नाही. दाखल्याशिवाय घरी जायचं म्हणजे त्याच घरी जायचं.

आतून लास्मीकाकू तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन आल्या. "सगळ्यांच्या कार्डांच्या झेरॉक्स आहेत की तुमच्या फायलीत," त्या म्हणाल्या. "मतदानाच्या वेळी गोळा केलेल्या. करा सही."

काकांनी बायकोकडे रागानं पाहिलं, पण सही केली. शिक्का जरा जोरातच मारला.

"घे. आता यापुढे माझा काही संबंध नाही."

रोफियानं कागद घेतला नाही.

"अजून एक होतं, काका. साक्षीदार लागणार आहे. कुणीतरी शेजारचं, ज्यानं ऐकलंय. नाहीतर हेरू म्हणेल न्हाणीघरात पाय घसरून पडली. गेल्या वेळी दवाखान्यात तेच म्हणाला."

"मी काय ऐकणार? मी टीव्ही लावून बसतो. आणि आता वय झालं, कानानं कमीच ऐकू येतं."

"तुम्ही पक्षी आत नेता, काका."

काकांचा मुराई, हा गाणारा पक्षी, गल्लीतच नव्हे, साऱ्या वस्तीत नावाजलेला. गाण्याच्या स्पर्धेत दोन चषक मारून आलेला. अशा पक्ष्याच्या कानावर आरडाओरडा पडू द्यायचा नसतो. ऐकलेलं तो गळ्यात घेतो, आणि मग त्याचं गाणं नासतं. हे इथं शेंबडं पोरही जाणतं.

रोफियानं मान खालीच ठेवली होती. "आमच्याकडे सुरू झालं की तुमच्या वळचणीला टांगलेल्या पिंजऱ्याची कडी वाजते. तुम्ही तो खाली काढता. त्यावर कापड टाकता. मागच्या खोलीचं दार लावता. मला भिंतीतून सगळं ऐकू येतं. म्हणजे तुम्हालाही येत असणार." "पहिल्यांदा मला वाटलं होतं, पिंजरा आत ठेवला की तुम्ही येणार."

समोरच्या बायकांनी माना खाली घातल्या. लास्मीकाकू ताटली धरून तशाच उभ्या राहिल्या. पिंजऱ्यावरचं ते कापड त्यांनीच शिवलं होतं, चांगलं दुहेरी अस्तर लावून.

काकांनी चष्मा काढला. सारोंगाच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला. त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या वयात, स्वतःच्या दारात, आपल्याला तोंड लपवायला जागा राहणार नाही, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. उठून आत जावं असंही वाटलं. पण आत म्हणजे त्याच मागच्या खोलीत.

"लिही माझं नाव," ते शेवटी म्हणाले. "साक्षीदार म्हणून."

रोफियानं मान डोलावली आणि दाखला उचलला.

"पण कोर्टात जाऊन सांगायचं काय मी?"

"जे ऐकलं ते."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग समोरच्या बायकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "आणि ऐकल्यावर काय केलंत, असं कुणी विचारलं तर?"

"मलाही तेच विचारायचं होतं, काका," रोफिया म्हणाली.