वाटीतली जोडवी
टण्ण! पायातली जोडवी स्टीलच्या वाटीत पडली आणि पहाटेच्या शांत घरात सासूबाई उठून बसल्या. “माजा गोरख न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रक घेऊन हाय, आनि तू जोडवी काढतेस?” “मामी, गेल्या वर्षी धावताना जोडव्यानंच बोट चिरलं, दुसऱ्याच दिवशी शर्यत सोडावी लागली.” यंदा संजना सोडणार नव्हती. कर्नाळ्याच्या जंगलातून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं मुरुडपर्यंत चार दिवस धावायचं होतं, आणि वर्षभर घरचं आवरून पळस्पे फाट्यापर्यंत पळणाऱ्या पायांवर तिचा पक्का भरवसा होता. सासूबाईंनी पुटपुटत जोडव्यांना कुंकू लावलं. “देवापाशी ठेवते. ही गोरखला सांभाळतात, आल्याबरोबर घाल.” “पदक आणते, त्यालाही कुंकू लावा,” संजना बुटांच्या नाड्या आवळत हसली. तेवढ्यात लेक डोळे चोळत वाटीवर वाकली. “आई, तू बाबांसाठी जोडवी घालतेस. मग जंगलात तुला सांभाळायला बाबा काय घालतात?”