नंबर जुळला नाही

“आधी चेंबर उघडून दाखवा. गोळ्या या ट्रेमध्ये.”

पद्मनाभ सरांचं हे सकाळपासून निदान चाळीस जणांना सांगून झालं होतं, तरी आवाजात कंटाळा नव्हता. समोरचा विक्रेता हसत म्हणाला, “माझ्याकडे परवाना आहे, अंकल.”

“परवाना तुमचा आहे,” सर म्हणाले. “तपासणी बंदुकीची आहे.”

शेजारी बसलेला अभय रजिस्टरमध्ये नोंद करत होता. तो बँकेत नोकरीला होता, सिंगापूरला येऊन त्याला पाच वर्षं झाली होती. नेमबाजी क्लबात तो दोनच महिन्यांपूर्वी दाखल झाला होता. क्लबाने भरवलेल्या शस्त्रप्रदर्शनासाठी स्वयंसेवक हवे होते, म्हणून त्याने नाव दिलं आणि त्याला दारावरचं टेबल मिळालं. सरांशी त्याची ओळख आज सकाळचीच. सगळे त्यांना मिस्टर पद्मनाभ म्हणत, बिल्ल्यावरही तेवढंच होतं. ते मराठी आहेत हे कळल्यावर अभयला बरं वाटलं होतं.

नियम भिंतीवर लावले होते. परवाना असला तरी भरलेलं शस्त्र आत जाणार नाही. गोळी बसते त्या चेंबरमध्ये, ते रिकामं असल्याची खूण म्हणून, नारिंगी पट्टी हवी. कमरेला लावून कुणीही फिरणार नाही. आणि शस्त्रावरचा नंबर पोलिसांच्या परवानगीपत्रावरच्या नंबराशी जुळला पाहिजे.

दहाच्या सुमारास एका सुरक्षा कंपनीचा मालक आला. पिस्तूल रिकामं आहे, आपण वीस वर्षं हाताळतोय, असं तो म्हणाला. सरांनी वाद घातला नाही. त्याला वाळूच्या पिंपाशी नेलं आणि पिस्तुलाचं तोंड वाळूकडे धरून उघडायला लावलं. आतून गोळी बाहेर पडली. मालकाचा चेहरा उतरला. सरांनी गोळी उचलून ट्रेमध्ये ठेवली, त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि लगेच टेबलावरचा फोन उचलून पोलिसांना कळवलं. आवाज तोच. अभयच्या मनात आलं, असा माणूस दारावर असावा.

साडेदहाला श्रिया आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. बरोबर तिच्या क्लबाचा शस्त्रपाल होता. त्याच्या हातात कुलूपबंद पेटी होती, कारण इथे खेळाडूचं पिस्तूलही घरी ठेवता येत नाही. अकरा वाजता तिचं प्रात्यक्षिक होतं. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक ते बघायला आले होते, आणि परदेशातल्या शिबिरासाठी एकच जागा होती.

कागदावर ‘श्रिया वैद्य’ वाचून अभय सरांच्या कानाशी म्हणाला, “सर, आपली मराठी मुलगी आहे.”

“तू नंबर वाच,” सर म्हणाले.

अभयने परवानगीपत्रावरचा नंबर वाचला. सर पिस्तुलावरचा एकेक आकडा बोट ठेवून पाहत होते.

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचला. शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले होते. कागदावर सत्तेचाळीस, पिस्तुलावर चौऱ्याहत्तर.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि स्वतः दोन्ही नंबर तिसऱ्यांदा तपासले. मग इंग्रजीत म्हणाले, “कागदावरचं पिस्तूल आलेलं नाही. जे आलंय ते कागदावर नाही. हे आत जाणार नाही.”

आयोजक मिस्टर कोह धावत आले आणि सिंगापुरी हेलात म्हणाले, “टायपिंगची चूक आहे लाह, अंकल. सगळ्यांना दिसतंय. मुलीचं वर्ष वाया जाईल.”

“पोलिसांनी आज नवा कागद दिला तर मी आत सोडीन.”

आज शनिवार होता. फोन झाले. कागद सोमवारशिवाय मिळणार नव्हता.

“तुम्हाला तक्रार नोंदवता येईल,” सर श्रियाला म्हणाले. “फॉर्म इथे आहे.”

“नको, सर. तुमचं बरोबर आहे.” तिने शस्त्रपालाला मान डोलावून खूण केली. पेटी जशी आली तशी गाडीत परत गेली.

सरांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि स्वतः शेरा लिहिला: ‘शस्त्र रोखले. चूक परवानगीचा अर्ज भरणाऱ्याची, नेमबाजाची नाही.’ अभयने तो वाचला. अशा वेळीही या माणसाने मुलीच्या नावाला डाग लागू दिला नव्हता.

आत श्रियाऐवजी दुसऱ्याच मुलीने नेम धरला आणि शिबिराची जागा तिला मिळाली. एकच्या सुमारास प्रशिक्षकांनी तिचं नाव जाहीर केलं. टाळ्या दारापर्यंत ऐकू आल्या. सरांनी पुढच्या माणसाला चेंबर उघडायला सांगितलं.

दोन वाजता अभयला जेवणाची सुट्टी मिळाली. बाहेरच्या बाकावर श्रिया बसली होती, हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन. तो शेजारी बसला आणि मराठीत म्हणाला, “वाईट वाटलं. पण खरं सांगू, तुमच्याबद्दल आदरही वाटला. एक शब्द बोलला नाहीत.”

“बोलायचं काय? उद्या कुणी चुकीचा कागद मुद्दाम आणेल. त्याला कसं अडवणार?”

“तरी तुम्ही अजून थांबलाय.”

“पाचपर्यंत थांबेन. घरी एकटी जायचं नाहीये.”

मग अभयने विचारलं, “अर्ज भरला कुणी होता?”

“बाबांनी. मागच्या रविवारी, डायनिंग टेबलवर बसून. मी फक्त सही केली.”

“अरेरे. मग आता त्यांना कसं सांगणार?”

श्रियाने कोपीचा शेवटचा घोट घेतला.

“सांगायचं काय? मला दारातून परत पाठवलं ते त्यांनीच.”