उजळणीची तारीख

लोकसेवा परीक्षेच्या केंद्राबाहेर शेवटची उजळणी करताना मला माझी चूक सापडली. नोट्समध्ये मी दांडीयात्रा आधी आणि काळाराम मंदिर सत्याग्रह नंतर लिहिला होता. पुस्तकात मात्र काळाराम दोन मार्च, दांडी बारा मार्च. साल एकच, १९३०.

माझ्याच नोट्सची झेरॉक्स घेऊन माझी रूममेट वृषाली वर्षभर इतिहास करत होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. गेल्या वर्षी माझी पूर्वपरीक्षा एका प्रश्नाने हुकली होती. ती चुकली तर तेवढीच एक स्पर्धक कमी. पण तीन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. मी धावले आणि आत जाणाऱ्या रांगेत तिला गाठलं.

“वृषे, कालक्रमाचं पान काढ! काळाराम आधी आहे गं. माझं चुकलंय.”

“असू दे, आता नको काही,” म्हणत तिने फाईल छातीशी धरली. मी ती ओढलीच आणि पान काढलं. चूक हिरव्या पेनाने दुरुस्त केलेली होती. खाली कोपऱ्यात, मीच तिला लावलेल्या सवयीप्रमाणे, उजळणीची तारीख होती. अकरा जून.

आज डिसेंबरचा पहिला रविवार. मधले सहा महिने रोज संध्याकाळी ती मला सनावळ्या विचारायची, आणि मी दांडी आधी म्हटलं की मान हलवून म्हणायची, “बरोबर.”