पुढचं दार

आण्णाप्पांनी पुढच्या दाराला आतून कडी घातली. दारावरच्या जाईच्या वेलात घरटं होतं. पिल्लं उडेपर्यंत सगळ्यांनी मागच्या दारानंच यायचं-जायचं, असा त्यांचा हुकूम. त्यांची बायको शालूबाई रोज कावायची.

"एका चिमणीपायी पाव्हण्यांस्नी मोरीवरनं घरात आणायचं व्हय?"

"चिमणी न्हवं गं, बुलबुल. डोक्यावर तुरा बघ, शेपटाखाली लाल बघ. कितीदा सांगायचं तुला?"

शालूबाईच्या लेखी पंख असलेलं सगळं चिमणीच.

आज पहाटे आण्णाप्पा झोपेतच गेले. उचगावातली सगळी भावकी गोळा झाली. गल्लीत तिरडी बांधून झाली, तसा धाकटा दीर महादेव आतून पुढच्या दाराची कडी काढायला गेला. शालूबाई उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मागनं न्या त्यास्नी."

"वैनी, असं कुठं असतंय? माणसाला पुढच्या दारानंच न्यायचं असतंय. एका चिमणीपायी आण्णाला मोरीवरनं काढू व्हय?"

शालूबाईनं पदरानं डोळे पुसले, पण जागची हलली नाही.

"चिमणी न्हवं भावजी," ती म्हणाली, "बुलबुल हाय."